फाशी रेजायनाला, सरकार पडलं क्वेबेकचं

ज्या सरकारने ती फाशी दिली नव्हती, जे ती थांबवूही शकत नव्हतं, ते सरकार त्या फाशीने पडलं. एकोणिसाव्या शतकातल्या कॅनडातल्या प्रांतिक निवडणुका एरवी मोठ्या रटाळ असतात. रस्ते, पूल, रेल्वेची अनुदानं आणि कुणाचा मेहुणा कुठल्या हुद्द्यावर चिकटला, एवढाच मामला. फ्रेंचभाषक कॅथलिकांच्या क्वेबेक प्रांताची 14 ऑक्टोबर 1886 ची निवडणूक मात्र एका मेलेल्या माणसाच्या नावावर लढली गेली. तो माणूस क्वेबेकचा नव्हता. त्याने बंड केलं ते क्वेबेकपासून दोन हजार किलोमीटरहून दूर, त्याला पकडलं केंद्राच्या फौजेने, खटला चालला केंद्राच्या अखत्यारीतल्या प्रदेशात आणि दयेचा अर्ज फेटाळला ओटावाच्या, म्हणजे केंद्राच्या, मंत्रिमंडळाने. क्वेबेकचे मुख्यमंत्री डॉ. जॉन जोन्स रॉस म्हणत राहिले की हा विषय आमच्या अधिकारातला नाही. कायद्याने त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तेच त्यांना भोवलं.

लुई रिएल हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसेल. जन्म 1844 चा, आजच्या विनिपेगजवळचा. मेटी समाजाचा, म्हणजे फ्रेंच व्यापारी-शिकारी आणि तिथल्या मूळच्या जमाती यांच्या संकरातून उभा राहिलेला, फ्रेंच बोलणारा, कॅथलिक, बायसनच्या शिकारीवर आणि नदीकाठच्या लांबट शेतपट्ट्यांवर जगणारा समाज. 1869 मध्ये कॅनडाने तो सगळा मुलूख हडसन्स बे कंपनीकडून परस्पर विकत घ्यायचं ठरवलं आणि मोजणीदारांना साखळ्या घेऊन जमीन मोजायला धाडलं. तेव्हा पंचविशीतल्या रिएलने हंगामी सरकार उभं करून ओटावाला वाटाघाटीला बसवलं. त्यातून 1870 मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला, फ्रेंच भाषेला आणि कॅथलिक शाळांना कायद्याने जागा मिळाली. त्याच धामधुमीत त्याच्या सरकारने थॉमस स्कॉट नावाच्या इंग्रजीभाषक प्रॉटेस्टंट माणसाला गोळ्या घातल्या. ते रक्त रिएलला आयुष्यभर पुरलं. इंग्रजीभाषक प्रॉटेस्टंटांच्या ऑन्टॅरिओ प्रांताने ते कधीच माफ केलं नाही.

नंतरची पंधरा वर्षं परागंदा. तीनदा लोकसभेवर निवडून आला, एकदाही जागेवर बसू शकला नाही. शेवटी मोंटानात एका मिशनच्या शाळेत मास्तरकी करत होता. 1884 मध्ये सस्कॅचवान नदीकाठचे मेटी घोड्यांवर बसून त्याला न्यायला आले. पुन्हा तीच मोजणी, पुन्हा तेच जमिनीचे कागद. 1885 च्या मार्चमध्ये बंड पेटलं, मेमध्ये बातोशला संपलं, रिएल स्वतःहून शरण आला. खटला त्या प्रदेशाच्या राजधानीत, रेजायनाला. ज्युरीतले सहाही जण इंग्रजीभाषक. वकिलांनी तो वेडा आहे असं मांडायचा आटापिटा केला, त्याने स्वतः उभं राहून ते नाकारलं. ज्युरीने दोषी ठरवलं, पण दयेची शिफारसही केली. पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांच्या तोंडी एक वाक्य घातलं जातं, की क्वेबेकमधला एकूणएक कुत्रा त्याच्या बाजूने भुंकला तरी तो लटकणारच. 16 नोव्हेंबर 1885 च्या सकाळी तो लटकला.

इथून पुढची गोष्ट माँट्रियलची आहे, म्हणजे मी राहतो त्या गावची.

शां-द-मार्स हे मैदान आज महापालिकेच्या इमारतीच्या मागे आहे. हिरवळ, पायऱ्या आणि जमिनीतून वर आलेल्या दगडांच्या दोन लांब ओळी. जुन्या तटबंदीचा तो पाया. उन्हाळ्यात मी कधीमधी तिथे डबा खायला बसतो. पर्यटक दगडांवर पाय ठेवून फोटो काढतात आणि मेट्रोकडे जातात. 22 नोव्हेंबर 1885 ला, रविवारी, या जागेत सुमारे पन्नास हजार माणसं उभी होती. एका व्यासपीठावरून आवाज पोचणार नाही म्हणून तीन व्यासपीठं बांधली होती, तिन्हींवर एकाच वेळी भाषणं चालू होती. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळातली ही व्यवस्था मला फार आवडते. तुमच्या वाट्याला कुठलं भाषण यायचं ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरायचं.

आणि हे सगळं देवीच्या साथीत. त्या वर्षी माँट्रियलमध्ये देवीने तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली बहुतेक फ्रेंचभाषक वस्त्यांतली, बरीचशी लहान मुलं. सप्टेंबरात सक्तीच्या लसीकरणाविरुद्ध दंगल झाली होती. इंग्रजी वस्त्या फ्रेंच वस्त्यांकडे बोट दाखवत होत्या, की हे अडाणी लोक लस घेत नाहीत आणि आम्हाला मारतात. फ्रेंच वस्त्यांना सरकारी डॉक्टर म्हणजे घरात घुसणारा इंग्रज वाटत होता. रिएलची फाशी या तापलेल्या अंगावर पडली. नुसता खटल्याचा इतिहास वाचला तर एवढी माणसं का जमली ते पुरतं उमगत नाही, देवीचा हिशोब शेजारी ठेवला की थोडं उमगतं.

त्या दिवशी वकील ओनोरे मर्सिए बोलले. वय पंचेचाळीस, लिबरल पक्षाचे, प्रांतिक विधानसभेतले विरोधी पक्षनेते. सुरुवातच अशी: ‘रिएल, आपला भाऊ, मेला.’ पुढे मेला कशाने ते सांगितलं: सर जॉन (म्हणजे मॅक्डोनाल्ड) यांच्या धर्मांधतेने, आणि खुर्च्या टिकवण्यासाठी भावाला विकणाऱ्या आपल्यातल्याच तिघांच्या दगाबाजीने. ते तिघे म्हणजे ओटावाच्या मंत्रिमंडळातले फ्रेंचभाषक मंत्री लांज्व्हँ, कारों आणि शाप्लो. तिघांपैकी एकानेही राजीनामा दिला नव्हता. शाप्लोंनी विचार केला आणि राहिले. मर्सिएंनी तर त्यांना निरोप धाडला होता, की तुम्ही बाहेर पडा, आम्ही तुमच्या हाताखाली काम करतो. शाप्लो बाहेर पडले असते तर मर्सिए कधी मुख्यमंत्री झाले असते की नाही, शंकाच आहे.

‘आपला भाऊ’ या दोन शब्दांपाशी मी दरवेळी अडखळतो.

कारण हा भाऊ जिवंत असताना माँट्रियलने त्याला कसं वागवलं? तो शिकायला याच गावात होता, पाद्री होण्यासाठी आला आणि नाद सोडला. 1866 मध्ये इथल्याच एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं. करारावर सह्यासुद्धा झाल्या. मुलीच्या आईवडिलांनी ते मोडलं, कारण मुलगा मेटी. भाषा तीच, धर्म तोच, शिक्षण कॉलेजचं, तरी रक्तात ‘ते’ आहे म्हणून सोयरीक नको. हे समजायला मराठी माणसाला तळटीप लागत नाही. दहा वर्षांनी, 1876 मध्ये, त्याच्या डोक्यावर परिणाम झाल्यावर त्याला माँट्रियलच्या लाँग-प्वांतमधल्या वेड्यांच्या इस्पितळात खोट्या नावाने ठेवलं, मग क्वेबेक शहराजवळ दुसऱ्या इस्पितळात आणखी एका खोट्या नावाने.

आणि 1885 च्या वसंतात बंड मोडायला ज्या तुकड्या पश्चिमेला गेल्या, त्यांत माँट्रियलची 65 वी पलटणही होती. फ्रेंचभाषक पोरांची. तिला मेटींसमोर न पाठवता अल्बर्टाकडे धाडलं, तिची गाठ क्री लोकांशी पडली, पण मोहीम तीच. जुलैमध्ये ही पलटण परत आली तेव्हा गावाने रस्ते सजवून तिला डोक्यावर घेतलं. चार महिन्यांनी तेच गाव, बहुधा बरीचशी तीच माणसं, शां-द-मार्सवर भावाच्या नावाने रडत होती. मला यात ढोंग दिसत नाही. पोरं सुखरूप परतली त्याचा आनंद खरा होता आणि फाशीचा संतापही खरा होता. फासाचा दोर पाहिल्यावरच त्यांना तो आपला वाटला, एवढंच.

सगळेच त्या लाटेत वाहिले असंही नाही. लिबरल पक्षाचे आधीचे नेते आणि माजी मुख्यमंत्री आंरी-गुस्ताव जोली द लोतबिन्येर यांना हे भाषा-धर्माचं राजकारण पटलं नाही. ते स्वतः प्रॉटेस्टंट. त्यांनी सरळ आमदारकी सोडली. (जाता जाता: त्यांचा मुलगा अ‍ॅलन लष्करी अभियंता म्हणून आपल्याकडे आला आणि म्हैसूर संस्थानात कावेरीवरचा शिवनसमुद्रचा वीजप्रकल्प त्याने उभा केला. 1902 पासून कोलारच्या सोन्याच्या खाणी त्या विजेवर चालल्या. राजीनामा देणाऱ्याचं घराणं असं अचानक आपल्या शाळेतल्या भूगोलात भेटतं.)

मर्सिएंनी त्या संतापाचा पक्ष बांधला: पार्ती नासिओनाल, म्हणजे राष्ट्रीय पक्ष. त्यात लिबरल होतेच, पण खरी कमाई म्हणजे रिएलमुळे आपल्याच, म्हणजे मॅक्डोनाल्ड आणि रॉस यांच्या, पक्षावर उखडलेले कॉन्झर्व्हेटिव्ह. क्वेबेकमध्ये हे सोपं नव्हतं. कॉन्झर्व्हेटिव्ह निळे, लिबरल लाल, आणि गावोगावचे पाद्री सांगायचे की स्वर्ग निळा असतो आणि नरक लाल. अशा ठिकाणी कडव्यातल्या कडव्या धर्मनिष्ठांनी लाल लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, म्हणजे केवढी उलथापालथ! मर्सिए हुशार. त्यांनी त्यांना लाल व्हायला सांगितलंच नाही. तुम्ही निळेच राहा, फक्त रॉस यांच्याबरोबर राहू नका.

मतदान गुप्त होतं, 1875 पासून. त्याआधी मतदाराने सगळ्यांसमोर उभं राहून नाव सांगायचं, आणि ऐकायला उमेदवाराचे दांडगट हजर. मालमत्तेची अट असल्यामुळे गडीमजूर बाहेर, आणि बायका तर सरसकट बाहेर. क्वेबेकच्या बायकांना प्रांतिक निवडणुकीत मत मिळायला 1940 उजाडावं लागलं. तेव्हा ‘क्वेबेकने कौल दिला’ असं लिहिताना थोडं थांबावं लागतं. कौल दिला तो जमीनजुमला असलेल्या पुरुषांनी. शां-द-मार्सवर रडलेल्यांतले कितीतरी त्या दिवशी घरी बसले असतील.

निकाल लागला आणि खरी मजा सुरू झाली. विधानसभा 65 जागांची, आणि कुणाचं बहुमत आहे ते कुणालाच ठामपणे सांगता येईना. निळ्यांची वर्तमानपत्रं म्हणाली आम्ही जिंकलो, लालांची म्हणाली आम्ही. मधले मूठभर ‘राष्ट्रीय कॉन्झर्व्हेटिव्ह’ दोन्ही यादीत मोजले जात होते. रॉस स्वतः नियुक्त सदस्यांच्या वरच्या सभागृहात बसायचे, त्यामुळे त्यांच्या जागेला धक्का लागण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी राजीनामा दिला नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, नाताळ आला. अधिवेशन बोलवायचं कधी हे सरकारच्याच हातात, आणि तोवर त्या मूठभरांपैकी कुणाला काय हवंय याची चाचपणी करायला वेळ भरपूर. क्वेबेकचा हिवाळा तसाही बोलणी करायला चांगला असतो, दुसरं काही करताच येत नाही.

शेवटी 25 जानेवारी 1887 ला रॉस गेले आणि त्यांच्या जागी त्यांचेच सहकारी लुई-ओलिव्हिए ताय्यों यांनी शपथ घेतली. दोन दिवसांनी सभागृह भरलं. पहिलंच काम सभापती निवडायचं. मर्सिएंच्या बाजूचे फेलिक्स-गाब्रिएल मार्शां निवडून आले आणि झाकली मूठ उघडी पडली. 29 जानेवारीला मर्सिए मुख्यमंत्री. ताय्यों यांची कारकीर्द चार दिवसांची.

चार दिवसांचा मुख्यमंत्री म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या वाचकाच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मला इथून दिसतं. 2019 मध्ये तो पहाटेचा शपथविधी झाला तेव्हा इथे आदल्या दिवसाची रात्र होती, तारीख 22 नोव्हेंबर. शां-द-मार्सच्या सभेचीच तारीख, पण ते मला नंतर उमगलं. साताऱ्याहून आबांचा फोन आला.

‘बघितलंस का रे?’

‘काय आबा?’

‘सरकार बसलं.’

‘कुणाचं?’

‘ते काही विचारू नकोस. चहा व्हायच्या आत बसलं. उठेल कधी ते बघायचं.’

आबांना याचं नवल नव्हतं, त्यांच्याकडे जुना दाखला तयार होता. 1937 मध्ये मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, पण गव्हर्नरांच्या खास अधिकारांवरून मंत्रिमंडळ बनवायला अडून बसली. तेव्हा एप्रिल ते जुलै प्रांताचं हंगामी सरकार चालवलं ते आमच्या साताऱ्याच्या सर धनजीशा कूपर यांनी. मग काँग्रेस तयार झाली आणि बाळासाहेब खेर आले. मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असंच म्हणत) कोण, या प्रश्नाला साताऱ्यात अजून खेर हे उत्तर चालत नाही.

या दोन प्रांतांमधलं अंतर मात्र विसरू नये. रिएलच्या फाशीनंतर दीड महिन्याने, 28 डिसेंबर 1885 ला, मुंबईत गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात 72 माणसं जमली आणि काँग्रेस सुरू झाली. राणी तीच, व्हिक्टोरिया. मुंबईकर कायदेमंडळात निवडून आलेली काही माणसं असू द्या अशी विनंती करत होते, आणि त्याच राणीच्या दुसऱ्या प्रांतात लोक मतं देऊन मंत्रिमंडळ घालवत होते. हा फरक कशाचा होता ते त्या 72 जणांना चांगलं ठाऊक होतं. गोरे असणं आणि गोऱ्यांच्यात दुय्यम असणं, यातही बराच फायदा असतो.

असो. तर रिएलच्या नावावर सरकार आलं. त्याने रिएलसाठी काय केलं?

मर्सिएंची पाच वर्षं पाहिली तर माणूस कामाचा होता. 1887 च्या ऑक्टोबरात त्यांनी सगळ्या प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांची परिषद क्वेबेकला बोलावली. पाच प्रांत आले, ऑन्टॅरिओचे मोवॅट अध्यक्ष झाले, आणि केंद्राने प्रांतांच्या अधिकारात हात घालू नये असे ठराव झाले. मॅक्डोनाल्ड आलेच नाहीत. कामगारांसाठी रात्रशाळा काढल्या. उत्तरेच्या जंगलात वसाहती वसवायला लाबेल नावाच्या अवाढव्य देहाच्या पाद्र्याला थेट उपमंत्री केलं. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या जप्त मालमत्तेचं शंभर वर्षांचं भिजत घोंगडं पोपच्या मध्यस्थीने चार लाख डॉलरांवर मिटवलं आणि ऑन्टॅरिओच्या प्रॉटेस्टंटांना पुन्हा झिणझिण्या आणल्या. बारा किंवा जास्त मुलं असलेल्या बापाला शंभर एकर जमीन देण्याचा कायदा केला. ‘आम्ही दोन आमचे दोन’च्या लाल त्रिकोणाखाली वाढलेल्या माझ्या पिढीला हे वाचून गंमत वाटते.

सगळं क्वेबेकसाठी. सस्कॅचवानच्या मेटींसाठी काही नाही, आणि काही असणं शक्यही नव्हतं. रॉस जे म्हणत होते तेच खरं होतं, तो विषय प्रांताच्या अधिकारातला नव्हता. सरकार बदललं म्हणून घटना बदलत नाही. ज्यांच्या अधिकारातला विषय होता ते मॅक्डोनाल्ड, मर्सिएंच्या शपथविधीनंतर महिन्याच्या आत, 22 फेब्रुवारी 1887 ला देशाची निवडणूक पुन्हा जिंकले. आणि 1890 मध्ये मॅनिटोबाच्या इंग्रज बहुसंख्येने रिएलची एकमेव खरी कमाई मोडून टाकली: विधिमंडळातली फ्रेंच रद्द, कॅथलिक शाळांचं अनुदान रद्द. तेव्हा क्वेबेकमध्ये भावाच्या नावाने आलेलं सरकार जोरात होतं, आणि त्याला भाषणांपलीकडे काही करता आलं नाही. तो भाषेचा कायदा घटनाबाह्य आहे असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते 1979 मध्ये.

मर्सिएंचा शेवट झटपट सांगतो, कारण तो आपल्याला फार ओळखीचा आहे. बे दे शालर रेल्वेच्या ठेकेदाराला 1,75,000 डॉलर मिळाले, त्यातले एक लाख पक्षाच्या खजिनदाराच्या खिशातून फिरले. डिसेंबर 1891 मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरांनी बहुमत असतानाच त्यांना बडतर्फ केलं. राजभवनाने असं करावं का, यावर मी एक अख्खा लेख लिहू शकतो, पण मार्च 1892 मध्ये मतदारांनीच त्यांना पाडलं आणि तो वाद तिथे मिटला. त्या मतदानात रिएलचं नाव कुणाला आठवलं नाही. वर फौजदारी खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले. त्यांचे वकील होते फ्रांस्वा-झाव्हिए लमिए. रेजायनाला रिएलची बाजू मांडणारेही हेच लमिए. मर्सिए कर्जात बुडाले आणि 1894 मध्ये गेले. जावई लोमेर गुएँ पुढे मुख्यमंत्री झाला आणि पंधरा वर्षं राहिला.

रिएलचं नाव सरकारी कागदावर मानाने चढलं ते मॅनिटोबातच, आणि तेही एका सत्तांतरानंतर. ऑक्टोबर 2023 मध्ये वॉब किन्यू निवडून आले. मूळनिवासी ‘फर्स्ट नेशन्स’मधून आलेला प्रांताचा हा पहिला मुख्यमंत्री. त्यांच्या सरकारने डिसेंबरात कायदा करून लुई रिएलला ‘मॅनिटोबाचे पहिले मुख्यमंत्री’ हा सन्मान दिला. त्याचं कार्य शाळेत शिकवायचं, हेही त्याच कायद्यात आहे. प्रांताला यापेक्षा जास्त काही करता येत नाही. राजद्रोहाची शिक्षा रद्द करायची तर ती ओटावानेच करायला हवी, आणि ती अजून कायम आहे.